पॅरिसच्या दफनभूमीतले गवत

पॅरिसला जाऊन आलो असे सांगितले, की माणसे पहिल्यांदा आयफेल टॉवरबद्दल विचारतात. तो मीही पाहिला. रांगेत दीड तास उभे राहून आमच्या हिचे पाय सुजले आणि वर गेल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते, "आता खाली कधी जायचे?" पण त्या टॉवरविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका दफनभूमीविषयी, आणि तीतल्या गवताविषयी. ऐन दिवाळीच्या अंकात मास्तरांनी स्मशान काढले म्हणून वाचकांनी रागावू नये. फिरून आपल्याला घरीच यायचे आहे.

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला. "काय पाहायचे आहे?" असे जावईबापूंनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, "टाटांची समाधी." ते क्षणभर गोंधळले. पण मी छत्तीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत मुले शिकवली, आणि दरवर्षी पंधरा ऑक्टोबरच्या सुमारास मी त्यांना एक गोष्ट सांगत असे. १९३२ साली याच तारखेला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन, लहानसे विमान स्वतः चालवीत, कराचीहून मुंबईच्या जुहूला उतरले, ती ही गोष्ट. त्यांची आई फ्रेंच होती. त्यांचा जन्म पॅरिसचा, १९०४ मधला. आणि १९९३ साली जिनिव्हात देह ठेवल्यावर त्यांचे दफनही पॅरिसलाच झाले. इतकी वर्षे ज्यांची गोष्ट सांगितली, त्यांना पॅरिसपर्यंत येऊन नमस्कार न करता परतायचे म्हणजे कसेसेच वाटले असते.

त्या दफनभूमीचे नाव पेर लाशेझ. चौदाव्या लुई राजाचा जो धर्मगुरू होता, त्याचे हे नाव. १८०४ साली ती सुरू झाली तेव्हा गावापासून दूर म्हणून लोक तिकडे फिरकेनात. मग १८१७ साली मोलिएर आणि ला फोंतेन यांच्या अस्थी तिथे आणून ठेवल्या, आणि एवढ्या थोर शेजाऱ्यांच्या सहवासासाठी पॅरिसकरांची तिथे रीघ लागली. आज शहराने तिला चहूकडून वेढले आहे. चव्वेचाळीस हेक्टर, म्हणजे सुमारे एकशेदहा एकरांचा तो टेकडीचा उतार. वर हजारो झाडे आणि खाली हजारो थडगी. शोपँ तिथे आहे, ऑस्कर वाइल्ड आहे, आणि ज्याच्यासाठी तरुण पोरे फुले घेऊन येतात तो जिम मॉरिसनही आहे.

आत शिरलो, आणि माझी थोडी निराशाच झाली. दगडी फरसबंदीच्या फटींतून गवत उगवलेले. दोन थडग्यांमधल्या बोळांत गुडघ्याएवढी रानफुले. एका देवदूताच्या दगडी पंखावर वेल चढलेली. आमची ही पदर सावरीत म्हणाली, "अहो, एवढी मोठमोठी माणसे इथे निजलीत, आणि कोणी साधे गवत काढीत नाही? आपल्या गावची नगरपालिका बरी म्हणायची!"

टाटांच्या समाधीपाशी पोचलो. नाव वाचले. मी चपला काढून नमस्कार केला. शेजारून जाणाऱ्या एका फ्रेंच बाईंनी माझ्या पायांकडे पाहिले आणि मग हसून मान लववली. पण मन त्या गवतात अडकले होते. परतताना वाटेवर एक माळी हातातल्या लांब दांड्याच्या खुरप्याने फरसबंदीच्या कडेचे तण काढताना दिसला. जावईबापूंना दुभाषा करून मी त्याला माझ्या बायकोची तक्रार ऐकवली. तो मोठ्याने हसला. ही तक्रार त्याच्या ओळखीची होती.

त्याने आणि नंतर जावईबापूंनी जे समजावून दिले, ते थोडक्यात असे. पूर्वी तिथेही तणनाशक फवारीत. दफनभूमीत हिरवे पाते दिसणे म्हणजे मृतांचा अपमान, अशी समजूत होती. वाळूच्या वाटा अगदी स्वच्छ, उघड्याबोडक्या ठेवीत. पण दगडावर आणि खडीवर मारलेले विष धरून ठेवायला मातीच नसते. पाऊस पडला की ते धुऊन गटारात, आणि तिथून पुढे नदीत. म्हणून पॅरिसने हळूहळू हात आवरता घेतला आणि २०१५ पर्यंत दफनभूम्यांतली फवारणी थांबवली. देशाचा कायदा त्यामागून आला. ब्रिटनीकडचे सिनेटर जोएल लाब्बे यांनी मांडलेले विधेयक ६ फेब्रुवारी २०१४ रोजी कायदा झाले. त्यान्वये १ जानेवारी २०१७ पासून सरकारी नि नगरपालिकांच्या बागा, लोकांना खुली असलेली वने, रस्ते आणि फिरण्याच्या जागा यांवर रासायनिक औषधे मारणे बंद झाले. २०१९ पासून घरच्या परसबागेतही बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभरच्या दफनभूम्याही त्यात आल्या. जैविक उपाय आणि कमी धोक्याची काही द्रव्ये तेवढी चालतात.

मग तण कसे आवरतात? हाताने, खुरप्याने, तारेच्या ब्रशाने. कुठे लाकडाचा भुसा अंथरून, कुठे गरम पाण्याने. आणि पुष्कळ ठिकाणी खडी काढून मुद्दामच गवत पेरून. म्हणजे मजुरी अधिक आणि डोळ्यांना सवयही नवी. लोक पहिल्यांदा तक्रारी करतात, मग एखादे पाखरू दिसते आणि गप्प होतात. पेर लाशेझमध्ये तर पाखरूच काय, कोल्हे आले! २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीमुळे दरवाजे बंद असताना, तिथले व्यवस्थापक बन्वा गालो यांना थडग्यांमध्ये कोल्ह्याची पिल्ले खेळताना दिसली. त्यांनी काढलेली छायाचित्रे जगभर गेली, आणि २०२२ साली त्यांनी या दफनभूमीच्या छुप्या जीवनावर एक पुस्तकही लिहिले.

हे ऐकताना आमची ही कौतुकाने मान हलवीत होती. मी मात्र बाकावर बसलो होतो. त्याचे कारण आता सांगायला हवे.

आमच्या शाळेचे पटांगण मोठे. पावसाळ्यात त्यात गाजरगवत, टाकळा, आघाडा कमरेएवढा माजतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन, पाहुणे येणार, म्हणून मी मुख्याध्यापक असताना दरवर्षी जुलैअखेर तणनाशकाचा डबा आणीत असे. फवारायला माझा मामेभाऊच येई. दीड एकराचा धनी, बाकी दिवस रोजाने फवारणीला जाणारा. पाठीवर पंप, अंगात फाटका सदरा, पाय उघडे. मी त्याला कधी हातमोजे विचारले नाहीत. आठ दिवसांत पटांगण पिवळे पडे, आणि त्याच मातीवर मी चारशे मुलांना मांडी घालून बसवीत असे. "मास्तर, मैदान कसे चकचकीत!" असे पाहुणे म्हणत, आणि मला ते आवडे.

२०१७ साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती. फवारणारा माणूस त्यात बुडून जाई आणि उडालेले औषध त्याच्याच तोंडावर येई. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर त्या हंगामात विषबाधेने गेले. शेकडो दवाखान्यांत पडले. त्यांत माझा मामेभाऊही होता. मी खाटेशी गेलो तेव्हा तो हात चाचपडत म्हणाला, "दादा, डोयाले काहीच दिसून नाही राह्यलं." तो वाचला, नजरही बरीचशी आली. त्याला बाधले ते शेतावरचे औषध, शाळेतले नव्हे. असे मी मनाला पुष्कळ वेळा बजावले होते. पण पॅरिसच्या त्या बाकावर, पुढ्यात तो माळी एकेक पाते उपटत असताना, ते बजावणे काही टिकेना.

घरी परतल्यावर मी शाळासमितीपुढे गेलो. निवृत्त मास्तराचे बोलणे समिती जितक्या आदराने ऐकते, तितक्याच आदराने विसरते. खर्चाचा प्रश्न निघालाच. एक डबा आणि एका माणसाची एक दिवसाची मजुरी, की पाच बायांचे तीन दिवसांचे निंदण? फरकाचे पैसे पहिल्या वर्षी मी दिले. झेंड्याभोवतालची आणि मुलांच्या बसण्याची जागा निंदून घेतली. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले. त्याची अंगावर खाज उठते म्हणून बायांना हातमोजे दिले. कुंपणाच्या कडेला आघाडा आणि दुर्वा तशाच राहू दिल्या. झेंडावंदनाला पाहुण्यांपैकी एकाने कडेकडे बोट दाखवून "यंदा साफसफाई राहिली वाटते" असे म्हटलेच. मी त्यांना पॅरिसची हकीकत सांगू लागलो, तर त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे होते.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी पटांगणाच्या कडेला बरीच पोरे वाकलेली दिसली. पत्रीसाठी आघाडा आणि दुर्वा खुडीत होती. इतकी वर्षे याच सुमारास मी ते जाळून टाकीत होतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मामेभाऊही आला होता, नातवाचे बोट धरून. दुर्वांची जुडी त्याने डोळ्यांजवळ नेऊन तीनतीन पाती निवडली. मी मोठ्या उत्साहाने त्याला त्या फ्रेंच कायद्याची गोष्ट सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथं वावरातबी बंद हाय काय?"

नाही, म्हणालो. कायदा बागांना आणि रस्त्यांना आहे, शेतांना नाही. उलट फ्रान्स हा युरोपात शेतीऔषधे सर्वांत जास्त वापरणाऱ्या देशांपैकी एक आहे.

त्याने जुडी नातवाच्या हातात दिली. "म्हंजे दादा, शायेचं तं जमलं. वावराचं कसं?"

मी छत्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. याला देता आले नाही. दोघे फाटकातून बाहेर पडले. नातवाच्या मुठीतून एक दूर्वा खाली पडली, ती त्याने वाकून, चाचपून उचलली आणि पुन्हा जुडीत खोवली.