मोरजीहून मयेला आलेली आजी

माझ्या आजीचं माहेर पेडणे तालुक्यात, मोरजीला. सासर डिचोली तालुक्यात, मयेला. मोरजीची मोरजाई आणि मयेची महामाया या सात बहिणींपैकी दोघी, हे आमच्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. शिरगावची लईराई आणि मुळगावची केळबाई त्यांतल्याच. माहेरची आठवण येत नाही का, असं कुणी विचारलं की आजी म्हणायची, "एका बहिणीकडून उठून दुसरीकडे आले. मला परकं कसलं?"

ती लग्न होऊन आली तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं. मोरजीहून चोपड्यापर्यंत चालत, तिथून होडीनं शापोरा नदी ओलांडून शिवोली, मग म्हापसा आणि पुढे डिचोलीची वाट. तिथं पूल व्हायला त्यानंतर पन्नासेक वर्षं गेली. आजीचं वय तेव्हा अठराच्या आसपास. नवरा बिजवर, घरात दोन आईवेगळी मुलं. त्यांतला थोरला म्हणजे माझे वडील. मला हे कळलं ते कॉलेजात असताना, एका लग्नात, बाहेरच्या बाईच्या तोंडून. घरात तसं कधी जाणवलंच नव्हतं. पुढे आजीला स्वतःची मुलगी झाली, माझी आत्या. चवथीचे कपडे घेताना आधी या दोघांचे, मग आत्याचे, असा आजीचा नेम होता. आत्या हे आजही अभिमानानं सांगते.

माझी आई सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर तिथंच राहायची, शनिवारी घरी यायची. त्यामुळे मला आणि माझ्या भावाला वाढवलं ते आजीनं. पहाटे न्हाणीत भाणाखाली जाळ, सकाळी उकड्या तांदळाची पेज, रविवारी किरायत्याचा कडू काढा. काढ्यातून सुटका नव्हती. पहिला पाऊस पडला की तायकिळ्याची भाजी, नंतर अळू. मिरची मात्र हरमलचीच लागायची, ती तिचा भाऊ आणून द्यायचा. त्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चवथीच्या आधी माटोळीचं सामान गोळा करायला ती आम्हाला रानात न्यायची. कवंडाळ कुठल्या झुडपावर चढलेलं असतं, घागऱ्या कुठं सापडतात, हे तिनं हाताला धरून दाखवलं.

तिला वाचता येत नव्हतं. आम्ही अभ्यासाला बसलो की ती शेजारी सोलं निवडत बसायची आणि म्हणायची, "मोठ्यान वाच गो." अडखळलेलं तिला आवाजावरून कळायचं. समजलं नसेल तर पुन्हा वाचायला लावायची. तिचा शाळेवर फार जीव. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी सरकारी शाळा निघाल्या. अशाच एका शाळेत आत्या शिकली. भाऊ मूळचे पेडण्याचे, म्हणून त्यांच्याबद्दल आजी घरच्या माणसासारखं बोलायची.

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. ते पुढे बरीच वर्षं अंथरुणावर होते. मी मोठी झाल्यावर पुष्कळ रुग्णांची शुश्रूषा पाहिली, पण आजीच्या तोडीची नाही. देवळातल्या चौघड्याच्या आणि बसच्या वेळा धरून ती त्यांची कूस बदलायची. उन्हाळ्यात पाठीखाली केळीचं कोवळं पान, रोज खोबरेल तेलाचा हात, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर प्रत्येक वेळी ही गोष्ट बोलून दाखवायचे. पेज भरवताना ती त्यांना गावातल्या बातम्या सांगायची, त्यांना उत्तर देता येत नसलं तरी. आणि रात्री दिव्याखाली बसून पंचायतीत काय झालं, कुणाच्या शेतात पाणी शिरलं, हे पुन्हा त्यांच्या कानावर घालायची. सेवा म्हणजे नुसती माया नव्हे, त्यात डोकं आणि शिस्त लागते, हे मी तिथं पाहिलं.

दुपारचा तिचा वेळ परसात जायचा. माड, पोफळी, फणस, मानकुरादची दोन कलमं, सगळं तिच्या हातचं. खाणींचे ट्रक सुरू झाल्यावर पानांवर लाल धूळ बसू लागली. ती कलमांची पानं पाण्यानं धुवायची. शेजारपाजारचे म्हणायचे, जमीन आपली नाही, कशाला इतकं खपायचं? ती म्हणायची, "पोरां खातली मगो?"

जमीन आपली नव्हती हे खरंच. मये गावची जमीन पोर्तुगीज काळात एका घराण्याला दिलेली होती. १९६१ नंतर मालक पोर्तुगालला गेले आणि १९६४ च्या कायद्यानं ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना घर दुरुस्त करायचं तर परवानगी हवी, कर्ज काढायचं तर कागद नाही. गावानं यासाठी आंदोलनं केली. घरी 'गोमन्तक' आला की मी आजीला वाचून दाखवायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मयेचें कितें आयलां?" बहुतेक दिवशी काहीच आलेलं नसायचं. मग ती मृत्यूच्या बातम्या वाचायला सांगायची.

शेवटच्या वर्षांत एकदा आम्ही तिला मोरजीला नेलं. लहानपणी तिनं टेमवाड्याच्या वाळूत अंडी घालायला आलेली कासवं पाहिली होती. आता किनारा हॉटेलांनी भरलेला. कासवांसाठी कुंपण घालून राखण ठेवलेली पाहून तिला बरं वाटलं. मोरजाईची ओटी भरून ती लगेच म्हणाली, "चला घरी, झाडांना पाणी घालायचं राहिलंय."

ती थकली तेव्हा आईनं आणि मी तिला तिच्याच पद्धतीनं सांभाळलं. ठरल्या वेळी कूस, केळीचं पान, खोबरेल तेल. आई तोवर निवृत्त झाली होती. लहानपणी आम्हाला देता न आलेला वेळ तिनं आजीला दिला. २०१२ च्या पावसाळ्यात आजी घरीच गेली.

मयेच्या जमिनीसाठीचा कायदा झाला २०१४ मध्ये. त्यानंतर सनदा मिळू लागल्या. आमची सनद वडिलांच्या नावावर आली. त्या दिवशी वडील कागद घेऊन सरळ परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

गावातल्या कित्येक घरांना सनद मिळायची अजून बाकी आहे. त्या घरांत ऐंशी-नव्वदीला आलेल्या म्हाताऱ्या आहेत. ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्यांचे कागद त्या जिवंत असतानाच त्यांच्या हातात द्या.