स्वतःच्या फाइलीवर सही

शासकीय सेवेत मी शेकडो टिपणे लिहिली. पर्याय अ, पर्याय ब, पर्याय क. प्रत्येकाचे लाभ, प्रत्येकाच्या अडचणी आणि अखेरीस 'निर्णयार्थ सादर'. निर्णय वरिष्ठांचा असे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगून "भिंग कोणते बसवायचे ते तुम्ही ठरवा" असे म्हटले, तेव्हा मी पुरता गोंधळलो.

वडिलांच्या वेळी हा प्रश्नच उद्भवला नव्हता. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचे, शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस हालचाल न करता पडून राहायचे आणि पुढे जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वागवायचा, एवढाच मार्ग होता. वस्तुतः लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ सालीच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले होते. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या पारदर्शक प्लास्टिक छताचे कण तेथे निरुपद्रवी राहतात, या निरीक्षणातून त्यांना ती कल्पना सुचली. पण ती आमच्या घरापर्यंत पोहोचायला दुसरी पिढी उजाडावी लागली.

मी प्रथम लेसरविषयी विचारले. भाचीच्या मुलीने नुकताच चष्मा घालवला होता. डॉक्टर हसले. लेसर बाहेरच्या पारपटलाचा आकार बदलतो. माझा दोष त्यामागच्या नैसर्गिक भिंगात होता. शिवाय लेसर तरी सर्वांना कुठे चालतो? त्या मुलीचे पारपटल पातळ निघाल्याने तिच्या डोळ्यात, मूळचे भिंग तसेच ठेवून, आणखी एक भिंग बसवावे लागले होते. माझे गढूळ झालेले भिंग मात्र काढणेच भाग होते.

तिथल्या समुपदेशक बाईंनी तीन दरपत्रके पुढे ठेवली. साधे एककेंद्री भिंग, वक्रतादोष सुधारणारे भिंग आणि सर्वांत महागडे बहुकेंद्री. "यात चष्मा जवळजवळ सुटतो, सर," त्या म्हणाल्या. मुलाने फोनवर तत्काळ सांगून टाकले, "बाबा, पैशांचा विचार करू नका. सगळ्यात चांगलं घ्या." पण 'चांगले' म्हणजे कोणासाठी?

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : "दिवसभर काय करता?" मी सांगितले की आजोबा नांदेडकडून या शहरात आले, त्यांच्या अकरा मोडी वह्या घरात आहेत, त्या मी बाळबोध लिपीत उतरवतो आहे आणि चार अजून शिल्लक आहेत. माझ्यामागे घरात मोडी वाचणारे कोणी नाही. शाई विटकरी झाली आहे, कागद पिवळा पडला आहे.

डॉक्टर क्षणभर थांबले. बहुकेंद्री भिंग येणारा प्रकाश निरनिराळ्या अंतरांत वाटून देते, हे त्यांनी समजावले. त्यामुळे फिकट अक्षर व कागद यांतला भेद थोडा कमी उठून दिसतो. काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. वाहन चालवणाऱ्या, चष्म्याला कंटाळलेल्या माणसाला कदाचित ते मानवेल. वक्रतादोष माझ्या डोळ्यांत नगण्य होता. एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते, पण ते अंतर निवडता येते. बहुतेक जण दूरचे निवडतात. मी लहानपणापासून उणे नंबरचा, चष्मा काढूनच वाचणारा. मला जवळचे हवे होते.

तरीही आठवडाभर मी कागदावर रकाने आखत बसलो. शेवटी सौ. म्हणाल्या, "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या फाइलींवर शेरे मारलेत. आता स्वतःच्या फाइलीवर सही करा!"

सही केली. तीन मिलिमीटरहूनही लहान छेद, घडी करून आत सरकवलेले भिंग आणि त्याच संध्याकाळी नल्लकुंट्याला घरी. काही आठवड्यांनी दुसरा डोळा झाला. पांढरा रंग खरोखर पांढरा असतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

भाजीबाजारात जाताना मला चष्मा लागतो. नातेवाईक विचारतात, "एवढं करून चष्मा राहिलाच?" राहिला. मात्र रात्री तो मेजावर काढून ठेवतो आणि आठवी वही उघडतो. आजोबांनी एका रकमेपुढे केलेली बारीक खाडाखोड परवा प्रथमच मला उलगडली. तीन वह्या उरल्या आहेत.