वेशीबाहेरचं आचरा

आचऱ्याला जायचं ठरलं तेव्हाच एक गोष्ट पक्की होती, मुक्काम आचऱ्यात होणार नव्हता. त्या तीन रात्री आचऱ्यात कुणाचाच मुक्काम नसतो. मालवण तालुक्यातलं हे खाडीकाठचं मोठं गाव. बारा वाड्या, हजारोंची वस्ती, नांदती बाजारपेठ. तीन-चार वर्षांतून एकदा, कधी पाचव्या वर्षी, ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर निघतं. याला म्हणतात गावपळण. गाव रिकामं करून देवाच्या हवाली करायचं, तीन दिवस-तीन रात्री बाहेर काढायच्या, मग पुन्हा देवाला विचारायचं आणि त्यानं हो म्हटलं तरच परतायचं.

माझा परळचा एक मित्र मूळचा आचऱ्याचा. त्याचा फोन आला, ‘कौल झाला. येतोस?’ दिवस मार्गशीर्षाचे, कोकणात जत्रांचा हंगाम. रात्रीची गाडी पकडून पहाटे कणकवलीला उतरलो. स्टँडवर आचऱ्याची एसटी लागली होती आणि ती चाकरमान्यांनीच भरली होती. गणपतीला आणि शिमग्याला मुंबई कोकणात रिकामी होते हे ठाऊक होतं. पण घर सोडून उघड्यावर राहायला मिळावं म्हणून रजा टाकून आलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर एक नवीकोरी ताडपत्री होती, घडीसुद्धा न मोडलेली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रामेश्वराच्या देवळात गेलो. देव शंकराचा, पण इथला सर्वांत थाटाचा उत्सव रामनवमीचा. त्या दिवसांत इथे गाण्याच्या बैठका रंगतात आणि नावाजलेल्या गवयांनीही इथे हजेरी लावलेली आहे. मित्राचे काका, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते, त्यांनी मला मंडपातल्या खांबाशी बसवून गावाची घडी समजावली. बारापाचाचे मानकरी कोण, गाऱ्हाणं कुणी घालायचं, देवाची तरंगकाठी कुणी उचलायची, कुठल्या घराचा नारळ आधी. कोकणातल्या देवळात आधी गाभारा बघायचा नसतो, आधी माणसं कुठे कुठे बसली आहेत ते बघायचं. त्यावरून गावाचा इतिहास कळतो. आणि गावातली भांडणंही.

कौल म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकाला सांगायला हवं. देवाच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या, पानं किंवा तांदळाचे दाणे ओले करून चिकटवतात. प्रत्येक देवळाची रीत वेगळी, कळ्याही वेगळ्या. मग गुरव किंवा मानकरी देवाशी बोलायला लागतो. प्रार्थनेतली लीनता त्या बोलण्यात फारशी नसते, चावडीवर कुणाशी बोलावं तसा सूर असतो. अमुक काम आहे, होणार असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. पाकळी सुटली की उत्तर आलं. सुटली नाही तर माणसं थांबून राहतात, पुन्हा विचारतात, विनवतात, कधी कधी थोडा आवाजही चढवतात. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. देवाला महाराज म्हणायचं आणि त्याच्याकडून कामाची गोष्ट वसूलही करायची, असा हा व्यवहार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गावात लगीनघाई. मित्राची आई, आमच्या काकी, भांडी मोजून पोत्यात भरत होत्या. पूर्वी बैलगाड्या जुंपत, आता टेम्पो आणि रिक्षा. गॅसची शेगडी न्यायची की नाही यावर घरात वाद झाला आणि काकींनी तो एका वाक्यात मिटवला, ‘चुलीवरचा जेवक व्हया तर इलास मां?’ शेगडी घरीच राहिली. गाय वासराला सोडून पुढे जाईना. कोंबड्या टोपलीखाली. पलीकडच्या घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला चौघांनी खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. तिनं मागे वळून घराला हात जोडले आणि लगेच सुनेला विचारलं, लोणच्याची बरणी घेतलीस का.

दुपारी नौबत झाली आणि रस्ते वाहू लागले. मला जे सर्वांत लक्षात राहिलं ते हे, की कुणाच्या तोंडावर भीती नव्हती. नावात पळणं आहे, पण पळत कुणीच नव्हतं. पोरं सुट्टी लागल्यासारखी ओरडत होती. वाटेत एक मुसलमान कुटुंब बोचकी घेऊन आमच्याच टेम्पोत चढलं. आचऱ्यातली मुसलमान घरंही गावपळण पाळतात. मी त्या चाचांना विचारलं, तुम्हालाही कौल लागू? ते म्हणाले, ‘गाव आमचो पण मां. गावान सोडलो तर आमी थंय काय करतलंव?’ या उत्तरावर मी पुढे प्रश्न विचारला नाही.

सगळा गाव एका जागी जात नाही. ज्याची वाडी ज्या वेशीला जवळ, तो त्या वेशीबाहेर. कुणी चिंदरच्या सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, कुणी वायंगणीकडे, कुणी खाडीच्या पलीकडे. आम्ही सड्यावर होतो. मित्राच्या भावांनी आदल्याच दिवशी जागा साफ करून ठेवली होती. चार मेढी रोवल्या, वर आडव्या पोफळी, त्यावर माडाच्या झावळ्या, झावळ्यांवर ताडपत्री. बाजूला जुन्या साड्यांचा आडोसा. अंधार पडायच्या आत कातळावर एक नवी वाडी उभी राहिली. तिला गल्ल्या होत्या, शेजार होते आणि रात्री आठ वाजेपर्यंत पहिलं भांडणही होऊन गेलं होतं, पाण्याच्या पिंपावरून.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर काकी मला उभं करणार नाहीत. तीन दगडांची चूल, तिच्यावर खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी, कोकमाची कढी. दुसऱ्या दिवशी वडे आणि कोंबडीचा रस्सा. शेजारच्या खोपीतून एक वाटी आली की इथून एक वाटी जाते, आणि कुणाच्या वाटपात खोबरं जास्त भाजलं गेलं याची चर्चा सड्यावर वाऱ्यासारखी पसरते. गावात ज्या घरांचं वर्षानुवर्षं येणंजाणं नव्हतं त्यांच्या खोपी इथे चार हातांवर होत्या. बोलणं सुरू झालंच असं नाही. पण मुलं एकत्र खेळत होती आणि त्यांना कुणी हाका मारून परत बोलावत नव्हतं.

रात्री भजन, मग दशावतार. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद उभ्या जागी सुचतील तसे. बायकांची कामं पुरुष करतात. ज्या गड्याला मी दुपारी पाठीवर ताडपत्री वाहताना पाहिलं होतं, तो रात्री असा काही रावण झाला की समोरच्या दोन पोरी आईच्या पदराआड गेल्या. मुख्य आख्यानाआधीच्या आडदशावतारात संकासुरानं पंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. सरपंच पहिल्या रांगेत बसून हसत होते.

मधल्या दिवशी मोकळा वेळ होता म्हणून मित्राची मोटारसायकल घेऊन मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला जाऊन आलो. भराडी देवीची जत्रा अजून व्हायची होती, तेव्हा माळ मोकळा होता. या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. परंपरेप्रमाणे रानडुकराची शिकार साधते, मग देवीचा कौल घेतात आणि मगच तारीख जाहीर होते, बहुधा फेब्रुवारीच्या आसपासची. मग लाखो माणसं येतात, मुंबईहून पुढारी येतात, पण तारखेबाबत कुणाचंच काही चालत नाही. जत्रेच्या रात्रीचा प्रसाद आंगण्यांच्या घरांतल्या बायका रांधतात आणि रांधताना एक शब्दही बोलत नाहीत. देवदर्शन मी पाच मिनिटांत आटोपलं. सुनं माळरान पाहण्यासारखं असतं असं मला वाटत नाही. आंगणेवाडीला जत्रेतच जावं.

परतताना आचऱ्याच्या वेशीपाशी थांबलो. रस्ता सरळ आत जात होता. कौलारू घरं दिसत होती, दारं बंद, अंगणात पालापाचोळा. एरवी दिवसभर माणसांच्या आवाजात बुडालेली पाखरं स्वच्छ ऐकू येत होती. तात्या तिथे पारावर बसून होते. लोक सांगतात, या तीन रात्री गावात भुतं-देवचार फिरतात, देव त्यांना मोकळीक देतो, कुणी राहिलं तर ऐकू नयेत ते आवाज ऐकू येतात. मी तात्यांना तेच विचारलं. ‘भुतां कोणी बघल्यान?’ ते म्हणाले. ‘बघूक गाव सोडल्यानी नाय मां. गाव देवाचो. तेका तीन दिस सोडून दिलो, बस.’

मुंबईत या प्रथेची दोन स्पष्टीकरणं मिळतात. एक, ही अंधश्रद्धा आहे. दुसरं, हे पूर्वजांचं विज्ञान आहे : साथीचे रोग, हवापालट, गावाची शुद्धी. दुसरं ऐकायला गोड आहे म्हणून ते अधिक खपतं. मला दोन्ही अपुरी वाटतात. पटकीच्या काळात गावं ओस पडत असत हे खरं, आणि या रिवाजात त्याची आठवण असेलही. पण साथीला भिऊन पळणारा माणूस शेजाऱ्याच्या झोपडीला झोपडी लावून तीन दिवस एकाच पिंपातलं पाणी पीत नाही. आणि भुतांना भिणारा वेशीवर बसून विड्या ओढत नाही. इथल्या देवस्थानाचं नावच ‘इनामदार श्री देव रामेश्वर संस्थान’ आहे. इनामदार रामेश्वर, गावकरी त्याची कुळं. कुळांनी जमीन कसायची, घरं बांधायची, नांदायचं, आणि काही वर्षांनी एकदा चाव्या मालकाच्या पायाशी ठेवून म्हणायचं, आम्ही बाहेर थांबतो, परत घेणार का सांग. गावपळण मला अशी दिसली. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, त्या तीन रात्री बंगलेवाला आणि झोपडीवाला सारखेच बेघर असतात.

असं असलं तरी सगळं गोडच आहे असं मी लिहिणार नाही. आडोशामागे काकींच्या शेजारची एक सून, शाळेत शिकवणारी, मला स्पष्टच म्हणाली, पुरुषांना ही सहल आहे, आम्हाला तेच काम दुप्पट, वर वाऱ्याची चूल. आडोशाची सोय तर सांगायलाच नको, पहाटे बायकांना काळोखातच उठावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या आजींना तिसऱ्या रात्री थंडीनं ताप भरला, तेव्हा गाडी काढून मालवणला न्यावं लागलं. आणि सड्यावर जे प्लास्टिक साचलं होतं ते बैलगाडीच्या काळात नव्हतं. परंपरा पाळायची तर फिरती शौचालयं आणि कचऱ्याच्या गाड्याही वेशीबाहेर आणायला हव्यात. रामेश्वर त्याला डावी पाकळी देईल असं वाटत नाही. वैभववाडी तालुक्यातलं शिराळे तर दरवर्षी गाव सोडतं. अशा गावांनी एकमेकांकडून या बाबतीत शिकायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले. बाहेर सगळे सामान बांधून बसलेले, तरी कुणी खोप मोडेना. कौल झाला नाही तर आणखी एक रात्र काढायची, म्हणून शेवटची मेढ उपटायची नसते. कुठे कुठे असं झालेलं आहे असं जुनी माणसं सांगतात. दुपार कलली तसा निरोप आला, उजवी मिळाली. मग जी धांदल उडाली तिच्यापुढे निघतानाची घाई काहीच नव्हती. येताना रमतगमत आलेली गाय परतीच्या वाटेवर टेम्पोच्या पुढे धावली. काकींनी घराचं दार उघडलं, आधी तुळशीपुढे दिवा लावला, मग चहा ठेवला, गॅसवर.

मी तिथून कुणकेश्वरमार्गे निघालो. समुद्राला लागून असलेलं ते शंकराचं देऊळ वादळातून वाचलेल्या एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्यानं बांधलं अशी कथा आहे, आणि त्याची म्हणून दाखवतात ती कबरही तिथेच आहे. आदल्या दिवसांतले चाचा आठवले आणि त्या कथेचं नवल थोडं कमी वाटलं.

गावपळण पाहायची इच्छा असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. आचऱ्याप्रमाणे शेजारचं चिंदरही गावपळण पाळतं, पण प्रत्येकाचं वर्ष वेगळं आणि तारीख कौलानंतरच कळते, तेव्हा महिनाभर आधी आरक्षण करून जाणं जमणार नाही. ओळखीच्या घरी निरोप धाडा, आपलं अंथरूण-पांघरूण आणि पिण्याचं पाणी बरोबर न्या, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणा. आणि रिकाम्या गावाचे फोटो कितीही चांगले येणार असले तरी त्या तीन दिवसांत वेशीच्या आत पाऊल टाकू नका.