पाणवठ्यावरील एक रात्र

शिकार म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बंदूक उभी राहते. परंतु ज्यांनी ती केली अशा जुन्या मंडळींच्या गोष्टी लक्षपूर्वक ऐकल्या, तर त्यांत बंदुकीस फार थोडी जागा असते. बार क्षणाचा, बसणे रात्रभराचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. बसणे मात्र उरले.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करण्याची चाल महाराष्ट्रातील जंगलांत आहे. वाघांची मोजदाद हल्ली कॅमेऱ्यांनी होते, तरी ही चाल हौसेने टिकून आहे. काही वर्षांपूर्वी आम्हांस तेथे बसण्याचा योग आला. वैशाखात नाले आटलेले, साग निष्पर्ण. उरल्यासुरल्या पाण्याकडे सारे रान येते.

सोबतचा वाटाड्या वृद्ध होता. तरुणपणी तो शिकाऱ्यांबरोबर हाकाऱ्यास जात असे. वर चढताच म्हणाला, "मास्तर, हालू नोका. पाणी मंग पाहा, आंधी वारा पाहा." वारा आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे आमचा वास मागे जात होता.

दिवस मावळताना चितळांचा कळप आला. आला म्हणण्यापेक्षा येत राहिला, असे म्हणणे बरे. म्हातारी मादी पुढे. एक पाऊल टाकी, कान फिरवी, थांबे. दहा पावलांस अर्धा तास लागला असेल. तेवढ्या वेळात वानरे झाडावर स्थिरावली, पावशा ओरडून दमला, चंद्र वर आला, आणि आमचे पाय मुंग्यांनी भरून गेले. घड्याळ पाहण्याची इच्छा मात्र कधी गेली, ते कळले नाही.

आपण धीर धरतो, असा अभिमान आम्हांस तेव्हाच झाला असावा. मध्यरात्रीनंतर उजवीकडे पाचोळा वाजला. अस्वल! असे मनाशी ठरवून आम्ही वळून वाकलो, मचाण करकरले. लागलीच 'ढाँक्' असा सांबराचा इशारा घुमला. चांदण्यात एक मादी व तिच्या पायांशी पाडस क्षणभर दिसले आणि नाहीसे झाले. तोंड पाण्याला लागले नव्हते.

शरयूच्या काठी असाच अंधारात पाण्यावर टपून बसलेला दशरथ घड्याच्या आवाजाला हत्ती समजला. ही कथा आम्ही लहानपणापासून मुलांना सांगत आलो; त्याच्या हाती बाण होता, आमच्या हाती पेन्सिल, एवढाच काय तो दिलासा. वैशाखाची रात्र आणि तहानलेले लेकरू!

"बाबा, ती परत येईल का हो?" आम्ही हळूच विचारले.

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तहान हाय तिले. पन भेव बी हाय."

त्यानंतर आम्ही हललो नाही. पहाटे चंद्र कलल्यावर, समोरच्या काठावर, एक सांबरीण व पाडस आले आणि खूप वेळ प्याले. ती तीच होती की दुसरी, हे म्हाताऱ्यासही सांगता येईना. नोंदीच्या कागदावर एक मांडावी की दोन, ते ठरेना. उजाडेपर्यंत तो रकाना कोराच राहिला.