धूर, वाफ आणि धुके

मराठीत रेल्वेगाडीला एक जुना शब्द आहे: आगगाडी. तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला लोकलमध्ये चढता. तेथे तुम्हाला ना आग दिसते, ना धूर. मग हा शब्द आला कोठून? त्याचे उत्तर फार दूर नाही. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ लागते. तेथे माथेरानच्या छोट्या गाडीचे जुने वाफेचे इंजिन जपून ठेवलेले आहे.

नेरळ ते माथेरान ही रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. त्यासाठी पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी दिला. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी डोंगर चढू लागली. इंजिनाच्या भट्टीत कोळसा जळे. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होई आणि वाफेच्या जोरावर चाके फिरत. काम झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडे आणि जाताना भट्टीतला धूरही ओढून नेई. ‘झुकझुक’ हा आवाज त्या वाफेचाच! पुढे डिझेलची इंजिने आली आणि तो आवाज थांबला.

अशा गाड्यांच्या लहान, चालत्या प्रतिकृती करण्याचा छंद जगभर आहे. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. प्रतिकृतीतून धूरही निघावा, असे छंद असलेल्यांना वाटू लागले. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४६ साली धूर सोडणारे खेळण्यातले इंजिन विकायला काढले. काही जण तर डब्यातूनही धूर काढतात. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटच्या डब्यात कामगारांसाठी शेगडी असे आणि डब्याच्या छपरावर तिचे धुराडे असे. म्हणून त्या डब्याच्या प्रतिकृतीतही धूर हवा!

हा धूर कसा तयार होतो? धुराड्याच्या आत एक बारीक नळी असते. तिच्यात खास तेलाचे काही थेंब टाकतात. रुळांतून आलेली वीज एका तारेला तापवते. तेल जळत नाही, त्याची फक्त वाफ होते. ती बाहेरच्या हवेत थंड होते आणि तिचे अगदी सूक्ष्म थेंब बनतात. ते आपल्याला पांढरे दिसतात.

आता शब्दांकडे लक्ष द्या. काही जळले की निघतो तो धूर, म्हणजे तुमचा धुआँ. पाणी उकळले की होते ती वाफ, म्हणजे भाप. हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब म्हणजे धुके. उर्दूत तुम्ही त्याला धुंद म्हणता. पण मराठीत ‘धुंद’ म्हणजे नशेत असलेला, तेव्हा सांभाळून! छोट्या इंजिनातून निघतो तो खरे तर धूर नव्हे. ते तेलाचे धुके आहे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. आमच्या वर्गातील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे इंजिन केले होते. धुराड्यात अगरबत्ती लावायची, असे ठरत होते. इंजिनाची माहिती सांगणाऱ्या मुलाला दमा होता. तो हळूच म्हणाला, “सर, बंद खोलीत दिवसभर धूर झाला, तर मला तेथे उभे राहता येणार नाही.” सगळे गप्प झाले. पुठ्ठ्याला आग लागण्याची भीती होती ती वेगळीच.

मग एका मुलीने मार्ग काढला. तिने तारेवर कापूस गुंडाळला. अर्धा कापूस काळ्या शाईत बुडवला, अर्धा पांढराच ठेवला. काळ्याखाली चिठ्ठी लावली ‘धूर’ आणि पांढऱ्याखाली ‘वाफ’. लोक विचारीत, “हा धूर हलत का नाही?” तो मुलगा हसून उत्तर देई, “कारण हा कापूस आहे. खरा धूर कसा होतो, ते मी सांगतो.” प्रदर्शन संपेपर्यंत तो इंजिनाजवळच उभा होता.