पाऊण इंचाचा उतार

घरांतील सर्वांत लहान खोली कोणती असें कोणीं विचारलें, तर पुष्कळ वाचक देवघराचें नांव घेतील. परंतु हल्लीं देवघर बहुधा भिंतींतील एका कोनाड्यावर किंवा कपाटाच्या एका खणावर भागतें. म्हणून तें सोडून दिलें, तर हा मान न्हाणीघराकडे जातो. आमचें न्हाणीघर ५ फूट लांब व ४ फूट रुंद आहे. एवढ्या वीस चौरस फुटांनीं आमच्या नऊ माणसांच्या कुटुंबाला एकतीस दिवस कसें वेठीस धरलें, आणि त्या दिवसांत फरशीबरोबर आमच्या कांहीं जुन्या समजुतीही कशा फुटल्या, तें येथें सांगावयाचें आहे.

हकीकत अशी. आमच्या घराची मोरी मूळची शहाबादी फरशीची. तिच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे, आणि त्या खरखरीत दगडावर कोणाचा पाय घसरल्याचें आम्हांला आठवत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं आम्हीं सुधारणा म्हणून ती फरशी काढून तेथें गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या. सुधारणा डोळ्यांना गोड वाटली; पण साबणाचा थर साचला कीं तीच टाइल पायाखालून निसटूं पाही. गेल्या आश्विनाच्या आरंभीं, ऐन घटस्थापनेच्या दिवशीं, आमच्या मातोश्री तेथें पाय घसरून पडल्या. त्यांचें वय ८२ वर्षांचें. उजव्या मनगटाचें हाड मोडलें. दैव बलवत्तर म्हणूनच कंबर वांचली. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हात सहा आठवड्यांत जुळेल. तोंवर ती फरशी तेवढी बदलून घ्या."

आम्हीं मिस्त्रींना बोलावणें पाठविलें. आमच्या वडिलांच्या वेळेपासून घराचें किरकोळ बांधकाम करीत आलेले हे वृद्ध गृहस्थ. त्यांनीं मोरी पाहिली, बोटाच्या पेरानें ठिकठिकाणीं ठोकून पाहिलें आणि ते म्हणाले, "साहेब, वरवर करून भागायचं नाहीं. कोब्यापर्यंत उकरावं लागेल. दहा दिवस लागतील; आणि हातांतलं काम सोडून मला दिवाळीच्या आधीं येतां यायचं नाहीं." खर्चाचा आंकडाही त्यांनीं सांगितला.

दहा दिवस आणि तो आंकडा ऐकून आमच्या धाकट्या बंधूंच्या भुंवया वर गेल्या. बंधु संगणकाचे इंजिनिअर. त्यांनीं त्याच रात्रीं मोबाईलवर टाइल बसविण्याचीं चार चलच्चित्रें पाहिलीं. त्यांतील प्रत्येक न्हाणीघर बारा मिनिटांत तयार होत होतें. "दादा, यांत आहे काय?" ते म्हणाले, "वीस चौरस फूट जागा. आपण दोघांनीं मनावर घेतलं तर दोन रविवार पुरेत." खरें सांगावयाचें, तर आम्हांलाही तें पटलें. आमच्या कुळांत पांच पिढ्यांत कोणीं थापी हातीं धरलेली नाहीं. पंचांग, लेखणी, खडू आणि आतां कळफलक एवढींच आमचीं हत्यारें. ज्या कामाला पिढ्यान्‌पिढ्या हलकें मानलें, तें सोपेंही असलेंच पाहिजे, असा कांहींसा तर्क, कोणीं उघड न बोलतां, आमच्या बैठकींत मान्य झाला. मिस्त्रींना 'तूर्त नको' असा निरोप गेला.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारीं आम्हीं छिन्नी-हातोडी घेतली. फोडण्याचें काम झपाट्यानें झालें. मोडणें शिकावें लागत नाहीं. परंतु भिंतीजवळची शेवटची टाइल काढतांना छिन्नी आंतल्या नळावर बसली. जस्ताचा मुलामा दिलेला तो जुना लोखंडी नळ आंतून गंजून कागदासारखा झाला होता. पाण्याची चिळकांडी छतापर्यंत उडाली. मुख्य तोटी बंद करावयास धांवलों, तों ती कित्येक वर्षांत कोणीं फिरविलेलीच नसल्यामुळें जागची हालेना. गच्चीवरची टांकी सगळी रिकामी झाली तेव्हां कुठें तें कारंजें थांबलें.

दुसरे दिवशीं नवा नळ आणावयास गेलों. तुटलेला तुकडा आम्हीं पट्टीनें नीट मोजला होता. तो बाहेरून २१ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहूनही थोडा अधिक भरला. म्हणून पाऊण इंची नळ मागून आणला, तो बसेना. नळाचें माप आंतल्या पोकळीवरून नांवापुरतें ठरलेलें असतें आणि बाहेरून २१ मिलिमीटर भरणारा नळ बाजारांत अर्धा इंचीच म्हणवतो, हें ज्ञान आम्हांला दुकानाच्या तिसऱ्या फेरींत झालें. दुकानांतील पोरसवदा नोकर मात्र पहिल्याच फेरींत आमच्या हातांतील तुकड्याकडे पाहून म्हणाला होता, "काका, हा अर्धा इंची." आम्हीं पट्टीवर विश्वास ठेवला, त्याच्यावर ठेवला नाहीं.

या काळांत घरच्या पुरुषमंडळींच्या आंघोळी परसांतल्या नळावर होत. शेजारच्या काकूंनीं आपलें न्हाणीघर स्त्रियांना उघडून दिलें. मातोश्रींची सोय काय, असें विचारतां "माझं मी पाहतें" असें उत्तर मिळालें. आणि तें उत्तर आमच्या सोयीचें असल्यामुळें आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं.

पुढील रविवार सिमेंटनें घेतला. एक भाग सिमेंट व चार भाग वाळू हें प्रमाण आम्हीं तोळामासा चुकूं दिलें नाहीं. परंतु सिमेंट हें धीर धरणारें द्रव्य नव्हे. अर्ध्या तासाच्या आंत तें धरूं लागतां कामा नये आणि दहा तासांच्या आंत तें पुरतें घट्ट झालें पाहिजे, अशी साध्या सिमेंटविषयीं भारतीय मानकाची अट आहे. म्हणजे पाणी घातल्यापासून घड्याळ सुरू होतें. आम्हीं चार घमेलीं मसाला एकदम कालविला आणि पहिली टाइल दारापासून लावावी कीं भिंतीपासून, यावर वाद घालीत बसलों. वाद सुटला तेव्हां दोन घमेल्यांतील मसाला फोडून काढावा लागला. उरलेलीं घमेलीं आम्हीं मोरींतच धुतलीं. हें कृत्य किती अविचाराचें होतें, तें पुढें कळलें. मोरीच्या जाळीखालीं जी वांकडी नळी असते, तिच्यांत नेहमीं दोनएक इंच पाणी साठून राहतें व तें गटारांतील दुर्गंधि घरांत येऊं देत नाहीं. १७७५ सालीं अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें विलायतेंत शौचकूपासाठीं अशाच वांकड्या नळीचें पेटंट घेतलें होतें. आमच्याकडे नळकाम करणारे जाळीखालच्या त्या भागाला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आम्हीं धुतलेला सिमेंटचा गाळ नेमका त्या वांकणांत जाऊन बसला आणि तेथें निमूटपणें दगड झाला.

तरी काम पुढें चाललें. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या आधीं मोरी तयार करावयाचीच, या ईर्षेनें आम्ही दोघे भाऊ रात्रीं बारा-बारा वाजेपर्यंत गुडघ्यांवर बसूं लागलों. बंधूंनीं पातळी पाहण्याची कांचेची नळी विकत आणली होती. प्रत्येक टाइलवर ती आडवी व उभी ठेवून, आंतील बुडबुडा अगदीं मध्यें येईपर्यंत ते खालीं मसाला भरीत. शेवटची टाइल बसली तेव्हां वीस चौरस फुटांत कोठेंही बुडबुडा केसभर हालत नव्हता. बंधूंनीं फोटो काढून नातलगांना पाठविला. आम्हींही, कबूल करावयास हरकत नाहीं, चार स्नेह्यांना मुद्दाम घरीं बोलावून ती फरशी दाखविली.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं तिच्यावर पहिली बादली ओतली. पाणी क्षणभर जागच्या जागीं थांबलें, जणूं कोणीकडे जावें याचा विचार करीत होतें. जाळीकडे जाण्याचें त्याला कांहींच कारण दिसेना. मग तें संथपणें चहूंकडे पसरलें आणि उंबऱ्यावरून ओसरींत उतरून देवघराच्या रांगोळीपर्यंत गेलें. जुन्या कोब्याला जाळीकडे जो उतार होता, तो आम्हीं दहा रात्री जागून मसाल्यानें भरून काढला होता. आमची फरशी निर्दोष सपाट होती. आणि मोरीच्या फरशीचा याहून मोठा दोष नाहीं.

त्या रात्रीं घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजतां परसांतील बंब पेटवावा म्हणून आम्ही उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. दार लोटलेलें होतें. आंतून भांडीं घासण्याच्या मोरीवर पाणी पडल्याचा बारीक आवाज आला, आणि मागोमाग मातोश्रींचा दबका शब्द ऐकूं आला: "हळू ओत ग. झोपलीं आहेत सगळीं."

आम्ही तेथूनच मागें फिरलों. मग चौकशीअंतीं कळलें तें असें. पाण्याच्या आवाजानें कोणाची झोप मोडूं नये व सकाळीं स्वयंपाकघर मोकळें मिळावें, म्हणून मातोश्री पहिल्या दिवसापासून पहाटे चारला उठत. प्लास्टरच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधीत, आणि आमची धाकटी भावजय त्यांना त्या हातभर मोरींत बसवून आंघोळ घाली. आंघोळीवांचून देवाला शिवावयाचें नाहीं, हा त्यांचा जन्माचा नेम. तो त्यांनीं एक दिवसही मोडला नव्हता. घरांतील सर्व स्त्रियांना हें ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें आम्हां दोघां भावांना, जे त्यांच्यासाठींच म्हणून रात्ररात्र मोरींत बसत होते. मिस्त्रींचे दहा दिवस आम्हांला जास्त वाटले होते. आमचे सोळा दिवस त्यांनीं एका हातानें काढले होते.

फराळ होतांच आम्ही मिस्त्रींच्या घरीं गेलों. ते अंगणांत नातवाबरोबर मातीचा किल्ला करीत होते व बुरुजाच्या पायऱ्या बोटानें सारख्या करीत होते. आम्ही म्हणालों, "मिस्त्री, आमच्याकडून चूक झाली. तुम्ही याल का?" 'तूर्त नको' या निरोपाचा त्यांनीं उल्लेखही केला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "आजींचा हात कसा आहे?"

भाऊबीजेच्या दुसरे दिवशीं ते आले. आमची फरशी पाहून त्यांनीं एक तांब्या पाणी मागितलें. तें भिंतीशीं ओतलें, दोन क्षण पाहिलें आणि तांब्या खालीं ठेवला. बंधूंनीं ती कांचेची नळी पुढें केली, तेव्हां ते म्हणाले, "साहेब, हिचं काम वेगळं. मोरीला तांब्याच पाहिजे. पांच फुटांत पाऊण इंच उतार." आम्हीं मागाहून हिशेब केला. पांच फूट म्हणजे ६० इंच; त्यांत पाऊण इंच, म्हणजे ८० स एक. हा आंकडा आम्हांला वाचून माहीत होता. तो फरशींत कसा उतरवावयाचा, तें त्यांना माहीत होतें.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघे भाऊ त्यांच्या हाताखालीं बिगारी झालों. आमचें सर्व काम फोडून निघालें. दगड झालेली ती नळीही कापून काढावी लागली. मग विटांचे तुकडे मसाल्यांत बसवून उताराचा नवा कोबा झाला. जाळीला बोळा मारून त्यावर चार बोटें पाणी तीन दिवस तुंबवून ठेविलें आणि खालच्या छताला ओल येते का, तें मिस्त्रींनीं रोज येऊन पाहिलें.

त्या रिकाम्या तीन दिवसांत आम्हीं आमचीं जुनीं पुस्तकें चाळलीं. आम्हीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. सिंधमधील मोहेंजोदारो येथें १९२२ पासून झालेल्या उत्खननांत जें मोठें स्नानकुंड निघालें, त्याचीं मापें आम्हांला तोंडपाठ आहेत: लांबी सुमारें १२ मीटर, रुंदी ७ मीटर, खोली २.४ मीटर, पाणी झिरपूं नये म्हणून विटांच्या मागें डांबराचा थर. त्याच पाठांत, घरोघरच्या न्हाणीची विटांची जमीन सांडपाण्याच्या मोरीकडे उतरती असे, असेंही एक वाक्य होतें. तें आम्हीं दरवर्षीं फळ्यावर लिहीत आलों. पण चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तो उतार कोणाच्या तरी हातांनीं दिला होता, हा विचार खडू धरलेल्या आमच्या हाताला कधीं शिवला नाहीं.

टाइल बसवितांना मिस्त्री प्रत्येकीवर थापीच्या मुठीनें हलकेंच ठोकीत व कान देत. पोकळ आवाज आला कीं ती उचलून पुन्हां मसाला घालीत. त्या ठोकण्यांत आम्हांला सगळा आवाज एकच वाटे. "आठ-दहा मोऱ्या केल्या कीं ऐकूं येईल," ते बंधूंना म्हणाले, आणि त्यांत थट्टा मुळींच नव्हती.

एकतिसाव्या दिवशीं, नव्या खरखरीत फरशीवर व भिंतीला बसविलेल्या दांड्याला धरून, मातोश्रींनीं पहिली आंघोळ केली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी पायाशीं थांबत नाहीं आतां." मग डब्यांत राहिलेल्या चकल्या व करंज्या त्यांनीं डाव्या हातानें बांधल्या, आणि त्या मिस्त्रींच्या घरीं आम्हीं स्वतः नेऊन द्याव्या, नोकराहातीं पाठवूं नयेत, असें सांगितलें.

एकंदर खर्च मिस्त्रींच्या मूळ आंकड्याच्या दुपटीस थोडा कमी झाला. तो भरून निघेल. आपल्या घरांतील मुलांनीं थापी, रंधा, पाना हातीं धरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. उलट त्यांनीं जरूर धरावा. परंतु आधीं कोणाच्या तरी हाताखालीं बसून धरावा, आणि ज्या कामाला आपण हलकें म्हणत आलों त्याला निदान सोपें तरी म्हणूं नये. आमच्या पुतण्यानें परवां मिस्त्रींच्या पुढच्या कामावर दोन रविवार जाण्याची परवानगी मागितली. आम्हीं ती आनंदानें दिली, आणि त्याच्या वडिलांनींही दिली.