खर्जातला गंधार

मिरजेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, तेव्हापासून तो ऐकणारा आणि मी त्याच्या शेजारी बसणारा. शाळा सुटली की सतारमेकर गल्लीत चक्कर ठरलेली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे दुकानांत टांगलेले असायचे आणि खाली कुणीतरी जवारी काढत बसलेलं असायचं. घोडीचा माथा घासायचा, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, पुन्हा घासायचं. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही घराणी. त्यांच्या हातांतली धार सुरात उतरली, असं मला नेहमी वाटत आलंय. तो पायरीवर बसून राहायचा आणि एकदम म्हणायचा, "लागली बघ." मला सगळ्या तारा सारख्याच वाजायच्या.

पुढे मिरज जंक्शनातच त्याला रेल्वेत नोकरी लागली आणि त्यानं जुना तंबोरा घेतला. गायला कधीच नाही, नुसता लावायचा. पंचम, जोड, मग पितळी खर्ज. मणी किंचित सरकवायचा, जवारीचा दोरा तारेखाली केसभर मागेपुढे करायचा. खर्ज चोख लागला की त्यातून गंधार आपोआप उमटतो. त्याची तार तंबोऱ्यावर नसतेच. म्हणून गवई त्याला स्वयंभू म्हणतात. "येतोय ऐकू?" तो विचारायचा. मी नाही म्हणायचो. त्यानं तो कधी गुणगुणून दाखवला नाही. "थांब. येईल." किती वर्षं गेली कोण जाणे. एका पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, त्याच्या माजघरात तो मला ऐकू आला. खर्जाच्या वर, अगदी स्पष्ट, जणू आधीपासून तिथेच होता. मी त्याचा दंड धरला. तो हसला आणि तंबोरा छेडतच राहिला. मला माझ्या आयुष्यात कुणी दिलेलं याहून मोठं काही नाही.

मी पुण्याला आलो, पण मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाला जाणं सोडलं नाही. तिथल्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागलं, तसे ते वाटेतल्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत प्रार्थना केली आणि देह ठेवला, असं सांगतात. ही हकीकत तो दरवर्षी सांगे आणि स्टेशनाशी आला की त्याचा आवाज कापे.

त्याच्या वाट्याला दवाखान्यातलं यंत्र आलं. मी गेलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं. उशाशी ते टुक टुक वाजत होतं. त्यानं माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, मग तळहात जरासा उचलला. काळी एक, थोडी चढी. मी मान डोलावली. त्याचं माझं शेवटचं बोलणं ते.

आठवणी राहतात, असं लोक समजुतीनं सांगतात. मला आठवणी पुरत नाहीत, मला त्याचा कान हवा आहे. विलंबित एकतालात बारा मात्रा इतक्या सावकाश जातात, की सम यायला कधीकधी जवळजवळ मिनिट लागतं. त्या मिनिटभरात आम्ही दोघं एकाच श्वासावर असायचो. आता गवई समेवर येतो, सभागृह दाद देतं, आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघतो. त्याची काही चूक नसते, तरी मला त्याचा राग येतो.

परवा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, तंबोरा खोळीत घालून ठेवायचा म्हणते. तारा उतरवू का?"

मी म्हटलं, "नको वहिनी, चढलेल्याच राहू देत. उरुसाला येतोय मी. बसून लावीन."

"तुम्हाला येतो लावता?"

"त्यानं लावलेला ऐकलाय," मी म्हणालो, "तेवढ्यावर लावून बघेन."